खसबला नेायचं पातेलं

तिर्झा म्हणाली, आई, मी येईन,
पण तुझ्या भांड्यातलं खाणार नाही.
रागावून नाही म्हणाली.
विमानाची वेळ सांगावी तसं सांगितलं.

लंडनात दोन वर्षं काढून
ती माझ्या आजीपेक्षा जुनी झालीय.
आजी घाण्याशेजारी बसून एवढंच सांगायची :
खवलं असलेला मासा आपला,
मटणात नारळाचं दूध.
संपला कायदा.

मग मी बेत बदलला.
करामातल्या या दोन खोल्यांऐवजी मुसंदमला जाऊ,
जिथे डोंगर समुद्रात गुडघाभर उतरलेत
आणि पाणी गल्लीबोळांतून आत आत शिरतं.
तिकडे त्याला खोर म्हणतात.
बुकिंगवाला म्हणाला, अरबांचा नॉर्वे.
नॉर्वे मी पाहिलेला नाही.
मला फोटोत आपली रेवदंड्याची खाडी दिसली,
कुणीतरी सगळी झाडं उचलून नेलेली.

तिथे कुणाचंच स्वयंपाकघर नाही,
माझंसुद्धा नाही.
म्हणजे दोघींना उभं राहता येईल.

देरा बाजारातून पातेलं आणलं, झाकण, सुरी, कालथा.
तिर्झा फोनवर : नवं भांडं आधी बुडवावं लागतं.
नळाखाली नाही. समुद्रात चालेल.
चिकटलेलं लेबल काढ, डिंकसुद्धा राहू देऊ नकोस.
डिंक काढायला अर्धी बाटली खोबरेल गेलं.

पहाटे अल ममझरला सलवार खोचून
मी पाण्यात उभी, हातात पातेलं.
नेपाळी पहारेकरी धावत आला,
मॅडम, इथे भांडी घासायला मनाई आहे.
घासत नाहीये, म्हटलं, बुडवतेय.
त्यानं जरा विचार केला.
बुडवण्यावर दंड लिहिलेला नव्हता.
तो पाठ करून उभा राहिला, मी बाई कपडे बदलत असल्यासारखा.
बराखा अर्धी आठवली,
उरलेली मराठीत म्हटली.

बोटीवरचा खानसामा परकार, म्हसळ्याचा.
फोनवर माझी यादी ऐकली :
कोळंबी नको, कुर्ल्या नकोत, मोरी नको,
शनिवारी बोट हलवायची नाही, चूल पेटवायची नाही.
पलीकडे बराच वेळ नुसतं इंजिन.
मग म्हणाला, बाय, तुमी शनवार तेली काय?

बावीस वर्षांत या वाळूत
हा शब्द मला कुणी विचारला नव्हता.
आमच्या आळीत एक घर होतं, म्हणाला,
शनवारी घाणा गप.
आमची म्हातारी शुक्रवारीच बाटली भरून ठेवायची.
हमूर चालेल, खवलं मी दाखवीन पोरीला.
शेगडी तुमची आणा.
मी पुढे बसतो, विडी ओढतो.

शालोमनं कागदावर सूर्यास्त मांडला : पाच चौतीस.
परकार हसला. तो बाहेरचा सूर्य, साहेब.
खोरात चारलाच कड्याआड जातो.

आता दिवे कधी लावायचे?
आमच्या सूर्याला की घड्याळाच्या?
तिर्झा म्हणाली, विचारून सांगते.
दोन दिवस काही नाही.
मी पाव करून बघितला, जळाला.
शालोमनं मेणबत्त्या मोजल्या, परत मोजल्या.
तिसऱ्या रात्री मेसेज :
घड्याळाप्रमाणे, आई.
पण तू लवकर लावलेस तर मी ओरडणार नाही.

हे मी चार वेळा वाचलं.

शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत थांबायचं असतं.
दोन कड्यांमध्ये आभाळ किती रुंद असेल?
दीड हात?
परकारला विचारणार होते,
पण त्याला तेवढ्यासाठी फोन कसा करायचा.

पातेलं खिडकीत पालथं आहे.
कडेला समुद्राचं मीठ सुकलंय, पांढरी रेघ.
पुसायची की राहू द्यायची,
हे विचारायचं राहून गेलं.